माझ्याकडे तर चालतंय!

सॉफ्टवेअर कंपनीत नवा मुलगा कामावर रुजू होतो. त्याला लॅपटॉप मिळतो, प्रकल्पाच्या कोडची प्रत मिळते आणि वर एक निरोप: ‘रीडमी वाचून सेटअप करून घे, अर्ध्या तासाचं काम आहे.’ रीडमी म्हणजे प्रत्येक प्रकल्पासोबत असणारी, सगळ्यात आधी वाचायची फाइल. मुलगा तिच्यातल्या सूचना एकेक करून पाळू लागतो. तिसऱ्या सूचनेला स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर येतो. शेजारी बसलेला सीनियर आपल्या मशीनवर तीच कमांड देऊन दाखवतो आणि म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ दुपार सरते, कधी कधी पूर्ण दिवस सरतो.

कोड तोच, सूचना त्याच. मग एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे का चालत नाही? आणि ज्या माणसांनी इतकं गुंतागुंतीचं वेब अ‍ॅप्लिकेशन उभं केलं, त्यांना ते सुरू कसं करायचं हे दहा-पंधरा ओळींत धडपणे का लिहिता येत नाही?

ही अडचण एखाद-दुसऱ्या कंपनीपुरती नाही. गिटहब या संकेतस्थळावर जगभरातले मुक्त-स्रोत प्रकल्प ठेवलेले असतात. गिटहबने २०१७ साली अशा प्रकल्पांवर काम करणाऱ्यांची पाहणी केली. अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन, म्हणजे प्रकल्पाची लिखित माहिती, ही अडचण आपल्याला भेडसावते, असं त्यांतल्या ९३ टक्के लोकांनी सांगितलं. आपण स्वतः डॉक्युमेंटेशनला क्वचितच हातभार लावतो किंवा कधीच लावत नाही, असं सांगणारे ६० टक्के होते. सगळ्यांना जाच होतो, तरी काम पडून राहतं. याचं एक कारण आळस असेल. पण त्याहून मोठं कारण माणसाच्या मनाच्या रचनेत आहे.

जाणकाराला न दिसणाऱ्या पायऱ्या

स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने १९९० साली एक साधा प्रयोग केला. काही जणांना सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि समोरच्याने ते गाणं ओळखायचं होतं. ऐकणारे निम्मी गाणी तरी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. एकूण १२० वेळा गाणी वाजवली गेली आणि ओळखता आली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्यं असं सगळं चालू होतं. समोरच्याच्या कानावर पडत होती ती नुसती टकटक. डोक्यातलं गाणं बंद करून ती टकटक परक्या कानांनी ऐकणं वाजवणाऱ्याला जमतच नाही. ‘ज्ञानाचा शाप’ हे नाव या प्रकाराला मिळालं ते अर्थशास्त्रज्ञांकडून, न्यूटन यांच्या प्रयोगाच्या वर्षभर आधी.

आपण घरचा पत्ता सांगतो तेव्हा हेच घडतं. ‘मारुतीच्या देवळापासून आत या, पूर्वी टॉकीज होती तिथून डावीकडे वळा, की समोरच.’ देवळापासून आत शिरणारे रस्ते दोन आहेत आणि टॉकीज पाडूनही बरीच वर्षं झाली. सांगणाऱ्याला हे खटकत नाही, कारण तो त्या वाटेने डोळे मिटून जातो. पाहुणा मात्र टॉकीज शोधत उभा राहतो.

प्रकल्पावर दोन वर्षं काम केलेल्या प्रोग्रॅमरची गत या यजमानासारखी असते. त्याने कधीकाळी बसवलेला डेटाबेस मशीनमध्ये आहे, कुठल्याशा फाइलमध्ये भरलेला पासवर्डही तसाच आहे. ते आपण कधी केलं हे तो विसरलेला असतो. त्यामुळे सूचना लिहायला बसला की या पायऱ्या त्याच्या लेखणीतून उतरतच नाहीत. त्या गाळाव्यात असा त्याचा मुळीच हेतू नसतो. त्या त्याला दिसतच नाहीत.

मशीनच्या पोटात काय काय असतं

‘माझ्याकडे चालतंय’ यातल्या ‘माझ्याकडे’त काय दडलेलं असतं ते आता पाहू. वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे ब्राउझरमधून वापरायचा प्रोग्रॅम: रेल्वेचं आरक्षण, बँकेचे व्यवहार, शाळेचा प्रवेश अर्ज. एक प्रोग्रॅम सतत जागा राहून ब्राउझरच्या मागण्या ऐकतो आणि पानं पाठवतो, तो सर्व्हर. माहिती साठवण्याची जागा म्हणजे डेटाबेस. प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला, ती भाषा मशीनवर बसवलेली लागते. शिवाय इतरांनी लिहून ठेवलेल्या आणि आपण आयत्या वापरलेल्या कोडचे गठ्ठे लागतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. या प्रत्येक गोष्टीची विशिष्ट आवृत्ती हवी असते. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या कोडमध्ये लिहायच्या नसतात. त्या मशीनवर वेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणून कोडची प्रत घेणाऱ्याला त्या मिळतच नाहीत.

आता ‘पायथन ही कमांड द्या’ एवढी एक निरागस सूचना घ्या. पायथन ही प्रोग्रॅमिंगची लोकप्रिय भाषा आहे. ज्या विंडोज १० मशीनवर पायथन बसवलेलं नाही, तिथे ही कमांड दिली की मायक्रोसॉफ्ट स्टोअर हे सॉफ्टवेअरचं दुकान उघडतं. शिकणाऱ्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. अ‍ॅपलच्या मॅकवर पूर्वी पायथनची जुनी, दुसऱ्या पिढीची आवृत्ती आयती असायची. २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या मॅकओएस १२.३ पासून ती काढून टाकली गेली, तेव्हा तीच सूचना ‘अशी कमांडच नाही’ असं उत्तर देऊ लागली. बऱ्याच लिनक्स मशीनवर कमांडच्या नावामागे ३ हा आकडा जोडावा लागतो. म्हणजे सूचनेची ओळ एक आणि तीन मशीनवर तिचे परिणाम तीन. लिहिणाऱ्याने आपल्या एकाच मशीनवर पाहिलेलं असतं.

आवृत्तीचा घोळ याहून चोरपावलांनी येतो. जँगो ही पायथनमधली वेब अ‍ॅप्लिकेशन बांधण्याची चौकट. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या तिच्या ५.० आवृत्तीला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. समजा, एखाद्याकडे पायथन ३.८ आहे आणि सूचनेत नुसतं ‘जँगो बसवा’ असं लिहिलंय. बसवणारा प्रोग्रॅम कसलीही तक्रार न करता त्या मशीनला चालणारी जुनी, ४.२ मालिकेतली आवृत्ती बसवून मोकळा होतो. एरर येत नाही. तो येतो पुढे कुठेतरी, सहाव्या-सातव्या पायरीला, आणि तोवर मूळ कारण नजरेआड झालेलं असतं. म्हणून ‘काय लागेल’ हे सांगताना आकडा लिहावाच लागतो आणि तो आकडा आपल्याकडे आहे का, हे तपासायची कमांडही त्याच्या शेजारीच द्यावी लागते.

जँगोचं पहिलं पान

या जँगोच्याच नवख्यांसाठीच्या शिकवणीचं पहिलं पान मला आदर्श वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबू. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी ती बांधायला घेतली आणि जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. बातमीच्या डेडलाइनखाली काम करणाऱ्या लोकांनी घडवलेली ही चौकट. तिच्या शिकवणीत वाचक जे अ‍ॅप्लिकेशन बांधतो, तेही वर्तमानपत्राला शोभेल असं आहे: वाचकांचा कौल घेणारी मतचाचणी.

शिकवणीतली पहिलीच कमांड काही बांधत नाही. जँगो बसली आहे की नाही आणि कुठली आवृत्ती बसली आहे, एवढंच ती विचारते. त्याखाली दोन्ही उत्तरं लिहिलेली आहेत: बसली असेल तर आवृत्तीचा आकडा दिसेल, नसेल तर ‘जँगो नावाचं मॉड्यूल नाही’ असा एरर दिसेल. ही शिकवणी जँगोच्या कुठल्या आवृत्तीसाठी आहे, तिला कुठलं पायथन लागतं आणि तुमची आवृत्ती वेगळी असेल तर तुमच्यासाठीचं पान कुठे मिळेल, हेही तिथेच सांगितलं आहे. मघाचा आवृत्तीचा सगळा घोळ इथे सुरुवातीलाच पकडला जातो.

मग प्रकल्पाचा सांगाडा तयार करणारी एक कमांड आणि सर्व्हर सुरू करणारी एक कमांड. ब्राउझरमध्ये आपल्याच मशीनचा पत्ता उघडला की उड्डाण करणारं रॉकेट आणि अभिनंदनाचा मजकूर दिसतो. वाचकाने अजून स्वतःचा म्हणून काहीच कोड लिहिलेला नाही, पण सगळी यंत्रणा जागेवर बसल्याची खात्री त्याला डोळ्यांनी पटते. इथून पुढे काही बिघडलं, तर ते आपण नुकत्याच केलेल्या बदलात आहे, हे त्याला कळतं. पहिल्या पानाचं खरं काम हेच आहे असं मी मानतो: वाचकाला लवकरात लवकर अशा जागी नेऊन उभं करायचं, जिथून पुढची प्रत्येक चूक त्याला स्वतःला शोधता येईल.

याच पानावरची दोन छोटी वाक्यं लिहिणाऱ्याची माया दाखवतात. सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला की, डेटाबेसचे काही बदल अजून लागू केलेले नाहीत, असा इशारा स्क्रीनवर येतो. नवखा माणूस तो वाचून घाबरतो आणि शोधाशोध करत भलतीकडे भरकटतो. शिकवणी तिथेच सांगते की या इशाऱ्याकडे तूर्त दुर्लक्ष करा, डेटाबेसकडे आपण लवकरच वळणार आहोत. पुढे वाचक मतचाचणीचं पान तयार करतो तेव्हा आणखी एक फसगत ठरलेली असते: तो सवयीने जुनाच पत्ता उघडतो आणि ‘पान सापडलं नाही’ असा एरर पाहतो. तिथेही एक टीप आहे: पत्त्याच्या शेवटी मतचाचणीचा भाग जोडला आहे ना, ते पाहा. कुणीतरी नवख्याच्या जागी उभं राहून हे लिहिलं आहे.

डेटाबेसच्या बाबतीत त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. मोठ्या संकेतस्थळांना पोस्टग्रेससारखा दमदार डेटाबेस लागतो. पण शिकवणी वापरते एसक्यूलाइट, कारण तो पायथनबरोबरच येतो आणि वेगळं काही बसवावं लागत नाही. कुठला डेटाबेस चांगला, ही चर्चा पहिल्या पानावरून बाहेर काढली आहे. नवख्याला सहा पर्याय देणं म्हणजे सौजन्य, असं पुष्कळांना वाटतं. पण निवड करण्यासाठी लागणारी माहिती त्याच्याकडे अजून आलेलीच नसते. त्याला एकच वाट दाखवावी. उरलेल्या वाटा नंतरच्या पानांवर सांगता येतात.

लोक वाचत नाहीत, करून बघतात

जॉन कॅरोल हे संशोधक आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात होते. १९८० च्या दशकात त्यांनी कचेऱ्यांत नुकत्याच आलेल्या संगणकांवर लोक मजकूर लिहायचा प्रोग्रॅम वापरायला कसं शिकतात, हे त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. कंपनीने जाडजूड, क्रमवार, निर्दोष पुस्तिका दिल्या होत्या. लोक त्या वाचत नव्हते. दोन ओळी वाचून बटणं दाबायला लागायचे, मधलीच पानं उघडायचे, एखादी चूक झाली की त्यातून बाहेर कसं पडायचं हे त्यांना कुठेच सापडायचं नाही. कॅरोल यांनी मग छोट्या पुस्तिका बनवल्या. त्यांत प्रस्तावना जवळपास नाही, लगेच खऱ्या कामाला हात, आणि चूक ओळखण्यासाठी व सुधारण्यासाठी भरपूर मजकूर. लोक या पुस्तिकांवरून अधिक लवकर शिकले. १९९० साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात जर्मन दंतकथेतलं न्यूरेंबर्गचं नरसाळं आहे, डोक्यात ज्ञान ओतण्याचं. असं नरसाळं नसतं, हा पुस्तकाचा मुद्दा.

यावरून पहिल्या पानाबद्दल दोन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे प्रकल्पाचा इतिहास, रचनेचं तत्त्वज्ञान, आभार आणि भविष्यातल्या योजना हे सगळं तिथून हलवावं. दुसरी म्हणजे प्रत्येक कमांडनंतर काय दिसायला हवं ते लिहावं. ‘लायब्ररी बसवा’ असं लिहून थांबलं, तर वाचकाला आपण पोचलो की नाही हे कळत नाही. ‘दोनेक मिनिटं लागतील, मध्ये पिवळे इशारे दिसले तरी चालतील, शेवटी अमुक ओळ दिसली की झालं’ एवढं वाढवलं की तो निर्धास्त होतो.

हलवलेला मजकूर जातो कुठे? याचं उत्तर जँगोच्याच वर्तुळातल्या दानिएले प्रोचिदा यांनी नेमकं दिलं आहे. डॉक्युमेंटेशनचे ते चार वेगळे प्रकार मानतात: शिकवणी, विशिष्ट काम करायची कृती, संदर्भ आणि विवेचन. शिकणारा, काम उरकायला आलेला, नेमका तपशील शोधणारा आणि ‘असं का’ हे समजून घेऊ पाहणारा, या चौघांच्या गरजा निराळ्या. एकाच पानात चौघांना बसवायला गेलं की कुणाचंच भागत नाही. रीडमी बिघडतात त्या बहुधा याच कारणाने.

जँगो गर्ल्स या उपक्रमाची शिकवणी जँगोच्या पहिल्या पानाच्याही एक पाऊल आधी सुरू होते. ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोघींनी २०१४ साली बर्लिनमध्ये, कधीच प्रोग्रॅमिंग न केलेल्या स्त्रियांसाठी पहिली कार्यशाळा घेतली. तिच्यासाठी लिहिलेली शिकवणी कमांड लिहायची काळी खिडकी म्हणजे काय आणि ती विंडोज, मॅक आणि लिनक्सवर कुठे सापडते, हेही सांगते. तिन्ही प्रकारच्या मशीनसाठी सूचना वेगवेगळ्या दिल्या आहेत. ‘एवढं तर येतच असेल’ असं तिथे गृहीत धरलेलं नाही. आपला वाचक कोण, हे आधी ठरवलं की कुठून सुरू करायचं ते आपोआप ठरतं.

पान शिळं कसं होतं

नीट लिहिलेलं पानही टिकत नाही. पायथनमधल्याच फ्लास्क या दुसऱ्या चौकटीचं उदाहरण बोलकं आहे. फ्लास्कचा सर्व्हर ठरवून दिलेल्या ५००० क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतो. पोर्ट म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक सर्व्हरला लागणारा स्वतंत्र क्रमांक; एका वेळी एका पोर्टवर एकच सर्व्हर बसू शकतो. २०२१ साली अ‍ॅपलची मॅकओएस माँटेरी ही प्रणाली आली आणि तिच्यातल्या एअरप्लेच्या सोयीने तोच ५००० क्रमांक घेतला. फ्लास्कच्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं, शिकवण्यांतही नाही. तरी मॅकवर शिकणाऱ्या असंख्य लोकांना ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ असा एरर दिसू लागला. आज फ्लास्कच्या डॉक्युमेंटेशनमध्ये या एररसाठी वेगळी नोंद आहे.

यावर उपाय एकच: पानावरच्या सूचना पुन्हा पुन्हा कोऱ्या मशीनवर चालवून बघणं. त्यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही. आभासी मशीन किंवा डॉकरसारख्या साधनाने बनवलेला कंटेनर, म्हणजे आपल्याच मशीनच्या आत उभी केलेली वेगळी जागा, घेतली की काही मिनिटांत असं रिकामं मशीन मिळतं, ज्यात आपले जुने पासवर्ड, जुन्या लायब्रऱ्या काहीच नसतं. हे काम स्वयंचलितही करता येतं; कोडमध्ये बदल झाला की, आणि अधूनमधून बदल नसतानाही, सगळ्या सूचना आपोआप चालवायच्या आणि कुठे अडलं तर प्रकल्पाच्या लोकांना कळवायचं. पायथनमध्ये २००१ पासून डॉकटेस्ट नावाची सोय आहे. ती डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं खरोखर चालवते आणि लिहिलेलं उत्तर व आलेलं उत्तर जुळतं का ते तपासते. लिहिलेला मजकूर खोटा पडला की तो तिथल्या तिथे पकडला जातो.

एक नमुना पान

समजा, गावच्या वाचनालयासाठी जँगोमध्ये एक अ‍ॅप्लिकेशन लिहिलं आहे. त्याचं पहिलं पान साधारण असं असावं.

*हे काय आहे :* वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव नोंदवणारं वेब अ‍ॅप्लिकेशन. हे पान संपेल तेव्हा नमुन्याच्या पुस्तकांची यादी तुमच्या ब्राउझरमध्ये दिसेल.

*काय लागेल :* पायथन ३.१० किंवा पुढचं. आवृत्ती तपासायची कमांड शेजारीच दिली आहे. डेटाबेस वेगळा बसवायचा नाही.

*पायऱ्या :* कोडची प्रत घ्या. लायब्ररी बसवा, शेवटी ‘यशस्वीपणे बसवलं’ अशा अर्थाची ओळ दिसेल. नमुना सेटिंग फाइलची प्रत करा. तिच्यातली किल्ली फक्त सरावासाठी आहे, प्रत्यक्ष वापरात ती चालणार नाही. डेटाबेस तयार करा. नमुन्याची पुस्तकं भरा. सर्व्हर सुरू करा आणि दिलेला पत्ता उघडा.

*अडलात तर :* ‘पोर्ट वापरात आहे’ असं आलं तर दुसरा क्रमांक द्या. कमांड सोबत आहे. यादी रिकामी दिसली तर पुस्तकं भरायची पायरी राहिली आहे.

*पुढे :* सभासद नोंदणी कशी वाढवायची, प्रत्यक्ष सर्व्हरवर कसं चढवायचं. दोन्ही स्वतंत्र पानांवर.

*शेवटची तपासणी :* दिनांक आणि कुठल्या मशीनवर.

ब्लॅक बुकच्या आधी

हे सगळं मोठ्या प्रकल्पांपुरतं आहे, असं कुणी समजू नये. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी प्रकल्प करतात आणि त्याचा जाड बांधणीचा अहवाल देतात. मुंबईत त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. त्यात आकृत्या असतात, साहित्याचा आढावा असतो, पुढील वाव असतो. पण ते अ‍ॅप्लिकेशन दुसऱ्याने सुरू कसं करायचं, याचं एक पान बहुतेक वेळा नसतं. म्हणून पुढच्या वर्षीची मुलं तेच काम पुन्हा शून्यातून सुरू करतात आणि आदल्या मुलांची मेहनत कपाटात पडून राहते. हे मला फार वाया गेलेले श्रम वाटतात. महाविद्यालयांनी परीक्षेच्या दिवशी एक छोटी अट घालायला हरकत नाही: प्रकल्पाशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्याने केवळ लिखित सूचनांवरून तो चालू करून दाखवावा.

तुम्ही स्वतः एखादा प्रकल्प करत असाल, तर पहिलं पान आजच लिहा, कोड अर्धवट असला तरी. आता तुम्हाला पायऱ्या आठवतात. सहा महिन्यांनी आठवणार नाहीत. मग ते पान, कोड कधीच न पाहिलेल्या मित्राला द्या आणि त्याच्या मागे बसा. त्याला काही सांगू नका, माउसला हात लावू नका. तो जिथे थांबेल, परत वर जाऊन वाचेल किंवा तुमच्याकडे वळून बघेल, ती ओळ टिपून ठेवा आणि त्याच रात्री दुरुस्त करा. आणि तुम्ही नव्यानेच कुठे रुजू झाला असाल, तर पहिल्या आठवड्यात जिथे जिथे अडलात ते संकोच न करता रीडमीत लिहून टाका. ते लिहू शकणारा माणूस त्या संपूर्ण टीममध्ये त्या घडीला तुम्ही एकटेच असता.